मानेसरच्या मुलींनी लपवलेली मैत्रीण

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी मानेसरच्या त्या मुली अजून माझ्या मनातून जात नाहीत.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आमचं बिऱ्हाड फरीदाबादला. मी तिथल्याच, हरियाणाच्या पोलीस खात्यात लागलो आणि तेव्हा मानेसरच्या ठाण्याचा प्रभारी होतो. विदर्भातल्या एका तालुक्यातली सूतगिरणी बंद पडली होती. तिथल्या बेकार मुलींना सरकारी योजनेतून प्रशिक्षण देऊन आमच्या हद्दीतल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाठवलं होतं. त्यातल्या एकीचा फोन बंद लागू लागला. आईने गावाकडे तक्रार दिली आणि ती आमच्याकडे वर्ग झाली.

कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, "सर, वो तो घर चली गई." वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणींना महिला हवालदारासमोर एकेकीला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "ती घरी गेली, साहेब." शब्दही तेच. खरं बोलणारी माणसं एकच गोष्ट आपापल्या परीने सांगतात. इथे पाठांतर झालं होतं. मुलीला विकलं तर नाही ना, या शंकेने माझी झोप उडाली.

खबर दिली ती औषधांच्या दुकानदाराने. "रोज अलग लड़की आती है साहब, पर सामान वही. पट्टी, रुई, मलहम."

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधं घेऊन निघालेल्या मुलीला आम्ही दुकानाबाहेर थांबवलं. मी मराठीत विचारलं, "बाळ, जखम कोणाला झालीय?"

तिचे डोळे भरून आले. "साहेब, तिले गावाले पाठवू नोका."

ती आम्हाला शेजारच्या वस्तीतल्या एका खोलीवर घेऊन गेली. बेपत्ता मुलगी तिथे चटईवर बसली होती आणि एक मैत्रीण तिचे केस विंचरत होती. प्रेस मशीनमध्ये तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. ठेकेदाराने अपघाताची नोंद न करता दवाखान्यातून परस्पर 'घर जाओ' सांगितलं होतं. मुलींनी वर्गणी काढून खोली घेतली आणि पाळीपाळीने तिची शुश्रूषा चालवली.

"पण आईला का नाही कळवलं?" मी विचारलं.

"गावात समजलं तर आमाले समद्यायले परत बोलावतील," एक म्हणाली. "परत जाऊन काय करू, साहेब? गिरणी तर बंद हाय."

जखमी मुलगी हळूच म्हणाली, "मायचा आवाज आयकला असता तर मले खोटं बोलता आलं नसतं. मनून फोनच बंद ठेवला."

तिच्या आईला खरं सांगणं माझं कर्तव्य होतं. मी म्हटलं, "मी कळवणारच आहे. पण आधी तू बोल." माझ्या फोनवरून तिने सगळं सांगितलं. मग आई म्हणाली, "जेवली का तू?" पोरगी ओक्साबोक्शी रडली.

ठेकेदाराचा जबाब पुन्हा घेतला. तेव्हा त्याने कबुली दिली आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. आई रेल्वेने आली, त्या खोलीत मुलींबरोबर राहिली, त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या. ती गावाला निघताना एका मुलीने भीत भीत विचारलं, "काकू, गावात काय सांगाल?"

"पाह्यलं ते समदं सांगीन," ती म्हणाली. "बोटं गेली तेही, अन् तुमी हिले कसं जपलं तेही."

गावात कळल्यावर दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना परत बोलावलं. बाकीच्या राहिल्या. हात बरा झाल्यावर ती मुलगीही आईच्या संमतीने त्याच कारखान्यात माल तपासणीच्या कामावर रुजू झाली.

तोवर बेपत्ता मुलीची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असायचा, हिला कोणी नेलं? त्या प्रकरणानंतर मी आधी तिच्या मैत्रिणींना बोलावू लागलो. त्यांना चहा द्यायचो आणि विचारायचो, तिला कशाची भीती वाटत होती?