साडीवरचा शर्ट

कपड्यांच्या बाबतीत मी बरीच वर्षं उसनवारीवर जगले. मोबाईलवर एखादीचे कपडे बघायचे, पेणच्या बाजारात तसलेच शोधायचे, आणि घरी आरशासमोर उभं राहिलं की हिरमुसायचं. दुरून डोंगर साजरे! बाबा म्हणायचे, कपडा चांगला आहे, फक्त तो तुला ओळखत नाही. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

आमची आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. साडी खराब होऊ नये म्हणून वरून बाबांचा जुना शर्ट घालते. डोलवीला कंपनीत शिफ्टला जाताना बाबा घालायचे तो, निळा, जाड कापडाचा. कारखान्यातल्या सगळ्या बायका अशाच असतात, आणि खाडीकडे मिठागरावर राबणारी माझी आजीही लुगड्यावर आजोबांचा सदरा घालायची. आईला एक सवय आहे. ब्रश पुसायला फडकं शोधत बसत नाही, डाव्या बाहीवर पुसते. त्यामुळे त्या बाहीवर पीतांबराचा पिवळा, अंगाचा गुलाबी आणि डोळे आखतानाचा काळा असे थरावर थर बसले होते. पण काम संपलं की उंबरठ्याच्या आतच ती शर्ट उतरवायची, पिशवीत कोंबायची आणि मगच रस्त्यावर पाऊल टाकायची. त्या शर्टात तिला कोणी बघितलेलं तिला चालत नसे.

मी रोह्याला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी डबा द्यायला कारखान्यात गेले, तर आई दारातल्या उजेडात मूर्तीचे डोळे आखत बसली होती. हिरवी साडी, वर निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मानेला घाम लागू नये म्हणून कॉलर उभी. इतकी रुबाबदार बाई मी मोबाईलवर कधी पाहिली नव्हती. मी बघतच राहिले.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात साडी डे होता. मी आईला म्हटलं, मला तुझा तो शर्ट दे, साडीवर घालते.

आईचा चेहरा उतरला. "माझी चेष्टा करतेस व्हय गो?"

मी नाही नाही म्हणत राहिले, पण ती तव्यावरचे बोंबील परतत राहिली. मला फार वाईट वाटलं. जगात जे मला सगळ्यात देखणं वाटलं होतं, त्याचीच तिला लाज वाटत होती.

साडी डेच्या सकाळी शर्ट माझ्या उशाशी होता. इस्त्री केलेला, तुटलेल्या बटणाच्या जागी नवं बटण लावलेला. आणि डावी बाही कोरी. थिनर लावून घासून घासून तिने सगळा रंग काढला होता. लेक घालणार तर डागाचा कशाला, एवढाच तिचा हिशेब. मला रडूच फुटणार होतं, पण आईची बोटं लाल झालेली दिसली.

तसाच घातला. बाह्या दुमडल्या, कॉलर उभी केली. निघताना आईने माझी कॉलर पाडली. गाडीने कासू स्टेशन सोडल्यावर मी ती परत उभी केली. रोह्याला एका मुलीने विचारलं, कुठल्या दुकानातला? मी म्हटलं, आईचा आहे, पेणच्या कारखान्यातला. पहिल्यांदाच अंगावरचे कपडे मला ओळखत होते. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. लोकं तोंडावर गोडच बोलतात, एवढंच म्हणून ती भाजी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी शर्ट तिच्या पिशवीत परत ठेवला आणि म्हटलं, यावर पुन्हा ब्रश पूस. नीट पूस, हात आखडू नकोस. रंग बसला की मला दे, मी असाच घालणार. नंतर तो विषय निघाला नाही. मीही काढला नाही, कारण आई एखादी गोष्ट मनात घोळवायला लागली की तिच्या मागे लागून उपयोग नसतो.

गणपती जवळ आले होते. एका संध्याकाळी रोह्याहून आले, पेण स्टेशनच्या बाहेर पडले, तर रिक्षांच्या पलीकडे आई उभी. एरवी ती मला बाजाराच्या तोंडाशी भेटायची, शर्ट पिशवीत घालून. आज अंगावर होता. डाव्या बाहीवर ताजा पिवळा, त्याच्याखाली गुलाबी. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे न बघता ती पिशवी छातीशी धरून उभी होती, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारखी अवघडून. कारखान्यापासून इथवर अख्खा बाजार ओलांडून ती तशीच चालत आली होती.

मी जवळ गेले. तिने हळू आवाजात विचारलं, "कॉलर उभी ठेवायची का पाडायची गो?"

"उभी," मी म्हटलं.

"मंग तूच कर. माझं हात रंगाचं हायत."