तात्यारावच्या काळजाचा पॅच

मुडबीच्या फाट्यावर तात्यारावचं पंक्चरचं दुकान. हाताला गुण भलता, आणि जीभ त्याहून तिखट. कुणी झिजलेली ट्यूब पुढं केली की तात्याराव ती दोन बोटांत ताणून बघायचा आणि त्याच्याच अंगावर परत टाकायचा. "जुन्या ट्यूबला पॅच धरत न्हाई. नवी घ्या." विषय संपला. सरपंच असो नाहीतर सोयरा, नियम एकच.

त्या दिवशी शेजारच्या वाडीचा म्हातारा ज्ञानोबा सायकल ढकलत आला होता. ती सायकल त्याच्याहून थोडीच लहान असावी. तात्यारावनं ट्यूब ताणली, "जुन्या ट्यूबला" एवढं म्हणाला आणि पुढचा शब्दच येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजव्या हातातला पाना गळून घमेल्यातल्या पाण्यात पडला. ज्ञानोबाला आधी वाटलं, हा आपली थट्टा करायलाय. मग त्यानं डोळे बघितले आणि रस्त्यात आडवं उभं राहून पहिली आलेली जीप अडवली.

तात्यारावची लेक ज्योत्स्ना कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नर्स. तिनं फोनवरच दुखणं ओळखलं, आणि बाप तिथं वेळेत पोचला. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायची सुई मिळाली. हात परत आला, बोलणंही आलं. गावानं निदान करून टाकलं: अंगावरून वारं गेलं, साठी उलटलेला माणूस, दुसरं काय होणार! पण बीपी ठीक, साखर ठीक, मानेतल्या नसा मोकळ्या, कित्येक दिवस छातीला मशीन लावून बघितलं तरी ठोके सरळ. मग मेंदूत गुठळी आली कुठून?

म्हणून बुडबुड्यांची तपासणी ठरली. हाताच्या नसेतून बारीक बुडबुडे केलेलं मिठाचं पाणी सोडायचं, पेशंटनं कुथून श्वास कोंडायचा आणि सोडायचा, आणि पडद्यावर हृदय बघायचं. तात्याराव कुथला, त्यानं श्वास सोडला. हृदयाची उजवी बाजू बुडबुड्यांनी पांढरी झाली, आणि लगेच मधल्या भिंतीतून त्यांचा एक लोंढाच डावीकडं घुसला.

"सापडलं की पंक्चर!" तात्याराव पडल्या पडल्या ओरडला. जन्मभर घमेल्यात बघितलेलं आपल्याच छातीत बघून त्याला कोण आनंद झाला! डॉक्टरही हसले. कन्नडमध्ये त्यांनी समजावलं की आईच्या पोटात प्रत्येकाला हे भोक असतं, बहुतेकांचं पुढं बुजतं, काहींचं राहतं आणि सहसा त्रासही देत नाही. तात्यारावचं मात्र मोठं होतं आणि पडदा सैल. पायातल्या नसेतली गुठळी एरवी फुप्फुसात अडकायची, ती इथून निसटून मेंदूत गेली असावी. या वयात दुसरी कारणं आधी शोधावी लागतात. ती सापडली नाहीत, तेव्हा भोक बंद करणं बरं. पुन्हा एक गुठळी निसटली तर हात किंवा वाचा कायमची जायची.

बंद कशानं करणार, तात्यारावनं विचारलं. एक पॅच असतो, डॉक्टर म्हणाले. झालं! गडी भिंतीकडं तोंड करून पडला. जुन्या ट्यूबला पॅच धरत नाही, हे त्यानं डॉक्टरांना कन्नडमध्येही ऐकवलं. ज्योत्स्ना रागावली, रडली. पण स्वतःचा नियम मोडेल तर तो तात्याराव कसला?

त्याची बायको सरुबाई पायथ्याशी बसली होती. आता ती पलंगाजवळ सरकली.

"गेल्या साली ट्रॅक्टरचं टायर काढताना बोट फाटलं, तवा नवं बोट आणलाव का? तेच भरून आलं की. रबर भरून येत न्हाई, मांस येतंय. कामून सोताला ट्यूब समजायलाव?"

ज्योत्स्नानं तेवढाच धागा पकडला. पॅच जाळीचा असतो, त्यावर हृदयाचं स्वतःचं मांस चढतं, म्हणाली. तात्याराव वळला. ट्यूबचा पॅच दिवसेंदिवस सुटत जातो, हे त्याला ठाऊक होतं.

"म्हंजे ह्यो दिवसेंदिवस पक्का होतंय?"

"व्हय, अप्पा."

"मग लावा."

जांघेतल्या नसेतून बारीक नळी वर गेली आणि तिच्या टोकाला दुमडलेली जाळी छत्रीसारखी उघडली, एक चकती भिंतीच्या अलीकडं, एक पलीकडं. अर्धवट गुंगीत तात्यारावनं विचारलं, पॅच लावायच्या आधी जागा घासून घेतलीत का? सगळी खोली हसली.

घरी गोळ्या सुरू झाल्या, जड टायर उचलणं काही दिवस बंद. पण पॅच लावल्यावर पाण्यात घालून बघितल्याशिवाय तात्याराव गिऱ्हाइकाला सोडत नसे, आणि डॉक्टरांचीही रीत तीच निघाली. काही महिन्यांनी तो पुन्हा त्याच पलंगावर पडला. ज्योत्स्नानं त्याचा हात घट्ट धरला होता. कुथा, डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू पांढरी झाली, बुडबुडे भिंतीशी येऊन घिरट्या घालू लागले. डावी बाजू काळीच राहिली. तात्याराव डोळे फाडून एखादा चुकार बुडबुडा शोधत होता.

"एकबी न्हाई," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

त्याच आठवड्यात ज्ञानोबा त्याला बघायला आला. चालत आला होता. तात्यारावनं चहा पाजला आणि सायकल कुठं म्हणून विचारलं. घरीच हाय, म्हातारा म्हणाला, जुन्या ट्यूबला पॅच धरत न्हाई म्हणतोस ना तू.

रबर भरून येत नाही, हे तात्यारावला कुणी सांगायला नको होतं. तरी तो उठला आणि घमेल्यात स्वच्छ पाणी ओतलं.

"घेऊन ये. धरल तेवढे दिवस धरल. सुटला की परत ये, परत लावतो."