घड्याळ दादाने बिघडवले नव्हते

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्यात होतो. "तुमचे दादा गेले, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "त्या साहेबाले कळवा. त्यानं आलं पायजे."

छापण्यासाठी लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ, तीही साठीनंतर. शब्द अडखळतात, राग मात्र अडखळत नाही.

माझा थोरला भाऊ मधुकर उपग्रहांत बसवायची अणुघड्याळे स्थिर राखण्याचे काम करीत असे. अवकाशात ऊन-सावलीतून फिरताना उपग्रह तापतो, निवतो. तेवढ्यानेही घड्याळाची चाल ढळू शकते. म्हणून पाठवण्यापूर्वी ते बंद खोलीत, एकाच तापमानात, आठवडेच्या आठवडे तपासायचे. "माणूस आत गेला की त्याची ऊबही आत जाते," असे दादा सांगे. तो स्वतः काचेबाहेरूनच पाहत असे.

एका चाचणीच्या मध्यावर त्याच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे या साहेबांनी, पाहुण्यांना छायाचित्रांसाठी त्या खोलीत नेले. नोंदी विस्कटल्या. चाचणी नव्याने घ्यावी, अशी दादाने विनवणी केली. "तुमच्या यवतमाळात वेळ स्वस्त असेल," साहेब हसून म्हणाले, "इथे नाही." घड्याळ तसेच गेले. वर पोहोचल्यावर त्याची चाल ढळत गेली... आणि चौकशीच्या बैठकीत साहेबांनी दादाकडे बोट दाखवले. त्याला बोलू दिले नाही. नोकरी सोडून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावला परतला आणि अखेरपर्यंत गावात 'घड्याळ बिघडवणारा' म्हणूनच ओळखला गेला.

शोकसभेला साहेब खरोखरच आले. मोठा हार आणि लिहून आणलेले भाषण घेऊन. ते माईककडे निघाले तशा वहिनी उठल्या.

"बसा साहेब. तुमाले बोलाचं नाही."

"वहिनी, दोनच शब्द..."

दादाच्या फोटोकडे हात करून त्या म्हणाल्या, "ह्यायले तुमी एकबी बोलू देल्ला नाही. आज आइका."

त्यांनी माईक माझ्या हाती दिला. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मी पाहुणे, छायाचित्रे, नाकारलेली चाचणी, सारे सांगितले. साहेब मान खाली घालून बसले होते. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

त्यांच्या नावाची पट्टी असलेला तो हार वहिनींनी दादाच्या फोटोला घातला नाही. घराच्या फाटकाला बांधला. फुले कधीच वाळली. परवा मी तो काढू लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. लोकं इचारतात ना."

विचारणाऱ्याला त्या आत बोलावतात, दादाच्या खोलीत बसवतात, चहा देतात आणि साहेबांचे नाव घेऊन सगळे सांगतात.