अंगठा उचलून पाहणारे काका

दुसऱ्यांच्या हाडांत आमच्या प्लास्टरवाल्या काकांइतका जीव अडकलेला माणूस अख्ख्या रायपुरात शोधून सापडायचा नाही. मी नर्सिंगला होते तेव्हा आमच्या इस्पितळातल्या प्लास्टर-रूमचे ते सर्वेसर्वा. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत म्हणून इकडे आलेले, राहायला पुरानी बस्तीत. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, चाल मात्र जन्मभर राही. एकदा ते एका अनोळखी गृहस्थाच्या मागे मागे थेट ब्राह्मणपाऱ्यापर्यंत चालत गेले, कारण काय, तर त्याचा डावा पाय जरा उशिरा उचलला जात होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, खिसेकापू मागे लागलाय. तो भांडायच्या तयारीनं वळला, तर काका म्हणाले, "भैया, कमर का एक्स-रे निकलवा लो." गृहस्थानं मुकाट्यानं चप्पल काढून दाखवली. तिच्यात खिळा वर आला होता. काका पुढे महिनाभर आम्हाला सांगत होते, "खिळा होता, नाही म्हणत नाही मी. पण कंबरही होती."

आमच्या पुस्तकात हाडं आणि स्नायूंच्या दुखापतींचा धडा चांगला उशीला घेण्याइतका जाड होता. काकांनी तो आम्हाला सुतळी, कणकेचा गोळा आणि स्वतःचा देह एवढ्यावर शिकवला. "हाडाले हाड बांधणारी दोरी ताणली तं स्प्रेन, मांस ताणलं तं स्ट्रेन. एवढा फरक ज्या पोट्टीले समजत नाही तिनं लग्न करून घ्यावं." (मी फरकही शिकले आणि लग्नही केलं.) ओल्या प्लास्टरला कुणी बोटांनी धरलं की ते असे ओरडत, जणू त्यांच्याच बरगडीत बोट खुपसलंय. "तळवा लाव, तळवा! बोटानं खड्डा पाडशीन तं आत फोड येईन!" एकदा पायाला वजन लावून ठेवलेल्या एका पेशंटच्या सासूबाईंना दया आली आणि त्यांनी लोंबत्या वजनाखाली हळूच स्टूल सरकवलं. जावई खूश, सासू खूश, आणि हाड जिथल्या तिथे. काकांनी स्टूल काढलं, सासूबाईंना त्याच्यावर बसवलं आणि त्यांच्याच पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून ओढ म्हणजे काय ते समजावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बाई सगळ्या वॉर्डातली वजनं तपासत फिरायला लागल्या.

चिडत मात्र ते एकाच गोष्टीवर. पेशंटला तोंडानं विचारून काम उरकणारी नर्स दिसली की त्यांचं डोकं फिरे. "विचारतं काय वं? हात नाही का तुले? नख दाबून पाहा, पाय गार हाये का पाहा, अंगठा आपल्या हातानं वर उचल. मंग लिही." आम्ही माना डोलवायचो आणि पाठ फिरली की हसायचो. म्हाताऱ्याचं खूळ, दुसरं काय!

उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला एक कामगार आला तेव्हा वॉर्डात माझी ड्यूटी होती. नडगीवर लोखंडी सळ्यांचा गठ्ठा पडलेला, दोन्ही हाडं मोडलेली. सकाळी काकांनी प्लास्टर घातलं. मी तीनदा त्याच्याजवळ गेले. "ठीक लग रहा है?" "हव दीदी." "उंगलियां हिलती हैं?" "हव दीदी." आता आमच्या इकडे साध्या माणसाला पांढऱ्या कपड्यातल्या बाईपुढे नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून ऐकत आलेला तो हव, इकडचा हो! पण मी तो खरा धरला आणि फाइलमध्ये लिहून टाकलं, बोटांची हालचाल ठीक. दुपारी त्याची बायको हळूच म्हणाली, "दो सुई लगी, फिर भी होंठ चबा रहे हैं." मी म्हटलं, "हड्डी टूटी है तो दुखेगी ही न." आणि चक्क दुसऱ्या खाटेकडे गेले.

जेवण झाल्यावर काका आले. लग्न करून दिलेल्या लेकींकडे चक्कर मारावी तसे ते रोज आपल्या प्लास्टरांना भेटायला वॉर्डात येत. त्यांनी काहीच विचारलं नाही. पायाचा अंगठा धरला आणि जरासा वर उचलला. दिवसभर हव म्हणणारा तो माणूस असा किंचाळला की सगळा वॉर्ड उठून बसला. "दाई ओ! मर गेंव!"

"डॉक्टरले फोन लाव. आत्ता."

"पण काका, बोटं गुलाबी आहेत, नाडी लागतेय..."

"नाडी लागते म्हणून खूश नको होऊ. आत सूज दाटली, मांस गुदमरून राहिलं. हाड जुळते बाई, मेलेलं मांस नाही जुळत. पाय जाईन त्याचा."

डॉक्टर फोनवर म्हणाले, कापा, मी आलोच. काकांनी पायाखालच्या उशा काढायला लावल्या, पाय छातीच्या पातळीला आणला आणि प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलं, आतला कापूससुद्धा, थेट कातडी दिसेपर्यंत. पाय मी धरला होता. तासाभरात त्याला ऑपरेशनला नेलं आणि स्नायूंवरचं आवरण उघडून आतला दाब मोकळा केला. बाहेर त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोरून मला दोनदा जावं लागलं, दोन्ही वेळा मी फाइलमध्ये डोकं घातलं.

पाय वाचला. मी मात्र आठवडाभर वाट पाहत होते, आज मेट्रनकडे बोलावणं येईल, उद्या येईल. आलं नाही. काकांनी कुठे अवाक्षर काढलं नव्हतं.

काही महिन्यांनी तो माणूस आला, काठी टेकत, पण स्वतःच्या दोन पायांवर. पाय वाळलेला, त्याच्यावर लांबलचक व्रण. काकांकडे त्यानं पाहिलंही नाही; फोन लावणारी, पाय धरणारी मीच त्याच्या लक्षात राहिले असणार. सरळ माझ्यापुढे येऊन हात जोडले. "दीदी, तुमन मोर गोड़ ला बचा देव." माझा पाय तुम्ही वाचवलात! मला धरणी ठाव देईना. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोवर तो हसत हसत निघूनही गेला. काका बाजूलाच हात पुसत उभे होते.

"काका, तुम्ही सांगितलं का नाही त्याला?" मी रडतच विचारलं.

"काहून सांगू? सांगून पाय आणखी बरा होणार होता का? आता त्यानं म्हटलंच हाये, तं तशी नर्स हो."

काका निवृत्त होऊन भंडाऱ्याला मुलाकडे गेले, त्याला बरीच वर्षं झाली. ऐकू फारसं येत नाही, त्यामुळे फोनवर बोलणं होत नाही. आता मीच पोरींना शिकवते. एकदा जाऊन त्यांच्यासमोर बसायचं आणि विचारायचं आहे, काका, झाले का मी तशी? गाडी काही फार लांबची नाही. पण अजून माझा धीर होत नाही.