कॉम्प्युटरचा कोट

अप्पा म्हैसुरात लोकांच्या लग्नाचे कोट शिवायचे. आमच्या घरात मात्र कुणालाच कोट नव्हता. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी जुना कॉम्प्युटर घरी आला, तेव्हा उरलेल्या सुटिंगचा, आतून अस्तर लावलेला पहिला कोट त्याला मिळाला. अगदी मापात. पुढे बटणं, मागे वायरींपुरती काजं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण थंडीवाऱ्याची काळजी त्याची.

धूळ बसते म्हणून कोट काढायचा नाही, असा नियम होता. चालू करण्यापुरता पुढचा पल्ला वर करायचा, देवापुढचा पडदा सारावा तसा. चालू असताना तरी काढूया, असं मी एकदा सुचवलं होतं. इतक्या हळू, की ते बहुधा मलाच ऐकू आलं.

मग तो काम करता करता आपोआप बंद पडू लागला. प्रोजेक्ट समोर चालवून दाखवला नाही तर मार्क नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. कॉलेजातले कॉम्प्युटर शोभेसाठी असल्यामुळे आपापला घेऊन जायचा होता. आईने दृष्ट काढली. मीठ-मोहरी ओवाळूनही प्रोसेसर तापतच राहिला. अश्रद्ध असावा.

शेवटी कुवेंपुनगरहून दुरुस्तीवाला आला. झाकण उघडलं तर पंख्याखाली आमच्या शिलाईच्या धाग्यांची मऊ गादी. ती त्याने ब्रशने काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसला आणि मोहरीएवढा नवा लावला.

"एवढाच?" अप्पा म्हणाले. "आम्ही कपाळाला बुक्का याहून जास्त लावतो."

"जास्त लावला तर उष्णता अडते, यजमानरे." मग त्याने कोट दोन बोटांनी उचलला. "आणि हे काय? म्हैसुरात बर्फ पडतो काय?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याचं फार बारकाईने निरीक्षण करत होते.

"कोट छान आहे, अप्पा," मी म्हणाले. "पण..."

"पण काय गं पुट्टी?"

"पण त्यात त्याला वारा लागत नाही. तो बंद पडेल, आणि मी नापास होईन."

"अय्यो! मग तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

परीक्षेच्या दिवशी तो ऑटोतून अप्पांच्या मांडीवर बसून गेला, उघडाच. आत माझं इंग्रजी अडखळत होतं, सर घड्याळ बघत होते. आमच्यापैकी एकटा पंखाच तेवढा न अडखळता बोलत होता. प्रोजेक्ट शेवटपर्यंत चालला.

बाहेर अप्पा हातावर कोटाची घडी घेऊन उभे होते.

"मध्येच झोपला नाही ना?"

"नाही, अप्पा."

त्यांनी ताप बघावा तसा कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला. मी म्हटलं, आता घातला तरी चालेल, बंदच आहे.

"नको, अजून कोमट आहे," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत कोट हातावरच राहिला.