गणपतीच्या गोळ्या

भांडुपमध्ये माझं औषधांचं दुकान आहे, आणि श्रावण संपत आला की मला दरवर्षी माझ्याच धंद्याची किळस येते. चांगले बाप्ये येतात, आवाज खाली करतात आणि म्हणतात, "गणपतीच्या गोळ्या द्या." म्हणजे घरच्या बायकांची पाळी पुढे ढकलायच्या. माझा मित्र निलेश वीस वर्षं त्या गोळ्या बायकोसाठी, म्हणजे सुलक्षणावहिनींसाठी, न्यायचा. डॉक्टरची चिठ्ठी मी कधी मागितली नाही.

वहिनी कणकवलीकडच्या. मुलुंडला एका कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासतात. त्यांच्या हातून कधी चूक सुटली नाही. आता पन्नाशीत पाळी गेली आणि अंगातून वाफा निघू लागल्या. घामाने भिजून रात्रीत चारदा उठायचं, मग कामावर डोळे मिटायचे. महिन्यात दोन चुका झाल्या. तिसरी झाली तर घरी बसा, असं साहेबाने तोंडावर सांगितलं.

वहिनी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, तपासण्या केल्या, हार्मोनच्या औषधाने कॅन्सरचा धोका किती तेही खोदून विचारलं आणि चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या.

"गोळीपेक्षा कातडीतून जाणारं बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताची गुठळी व्हायची भीती कमी. पट्टी माझ्या घामाने टिकायची नाय. म्हणून जेल द्या. आणि गर्भपिशवी आहे ना, मग तिच्या अस्तराला जपायला ही कॅप्सूल पण सोबत लागतेच."

मी दोन्ही काउंटरवर ठेवलं तोच निलेश आला. खोका वाचून त्याने तोंड वाकडं केलं.

"हार्मोन? शी! या वयात हे घाणेरडे चाळे कशाला? माझ्या आयेने सोसलंच ना सगळं!" मग आवाज खाली करून मला म्हणाला, "सुनेसाठी गणपतीच्या गोळ्या दे रे. श्वेताची तारीख नेमकी तेव्हाच येतेय."

मला शिसारी आली. तरी सवयीने हात फळीकडे गेलाच. वहिनींनी ते पाकीट माझ्याकडून घेतलं.

"यात काय असतं, सांगा ह्यांना."

"हार्मोनच," मी म्हणालो.

"वीस वर्षं घरच्या गणपतीसाठी गिळलं, तेव्हा घाण नव्हती. आता माझ्या झोपेसाठी घेतलं तर घाण?" त्यांनी पाकीट निलेशसमोर आपटलं. "आणि श्वेताला काय हवं ते श्वेताला विचारा."

निलेशची बरी जिरली, असं मनात म्हणत मी विचारलं, "मग जेलचं बिल करू ना?" विचारलं वहिनींना, पण बघितलं निलेशकडे.

वहिनींच्या ते लक्षात आलं.

"वीस वर्षं चिठ्ठी नव्हती, तरी तुम्ही देत होता. आज चिठ्ठी आहे, तर ह्यांच्या तोंडाकडे बघताय?"

मी बिल केलं. मान वर करायची लाज वाटत होती.