ओसाड खोऱ्यातली गर्दी

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतल्या समस्त सुजाण जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, एका रविवारी सकाळी औषधांच्या दुकानामागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांवर बसून, चार प्रौढ पुरुषांनी एका सिनेमाचा जाहीर निषेध केला. सिनेमा तोवर कुणीच पाहिलेला नव्हता. त्यामुळे निषेधाला एक प्रकारची शुद्धता होती.

चौघांतला एक मी. दुकानदार चहा बरा पाजतो म्हणून मी जात असे. शिवाय मोठाली माणसं खोट्या राज्यासाठी खऱ्या शिरा कशा ताणतात, हा तमाशा फुकटात बघायला मिळे.

ज्या कादंबरीवर तो सिनेमा निघाला ती पाच खंडांची, आणि आमचं चौघांचं मंडळ तिच्याच भक्तांचं. सावली हरवलेली राणी, बोलणारे डोंगर, उलटी वाहणारी नदी, असला सगळा मामला. आमचे अध्यक्ष जमीन मोजणीतून निवृत्त झालेले. त्यांनी त्या काल्पनिक राज्याचा नकाशा काढला होता. प्रमाणात, बांध आखून, गट नंबर घालून. राक्षसाच्या गुहेचा पोटहिस्सासुद्धा पाडला होता. दुकानदारानं कादंबरीतली पऱ्यांची भाषा पाठ केली होती. भोरमध्ये ती कळणारं दुसरं कुणी नसल्यानं तो ती खोकल्याचं औषध देताना गिऱ्हाइकांवर वापरी. उरला कॉलेजातला प्राध्यापक. त्यानं फक्त पहिला खंड वाचला होता, म्हणून सगळ्यांत जास्त तोच बोले.

"पोस्टर पाहिलंत?" अध्यक्ष म्हणाले. "किल्ला नदीच्या डाव्या तीरावर घेतलाय! ही सरळसरळ हद्दीची खाडाखोड आहे."

पण खरी जखम वेगळीच होती. चौथ्या खंडात राणी अख्खं प्रकरणभर एका ओसाड खोऱ्यातून एकटी चालते. माणूस नाही, पाखरू नाही. अध्यक्षांना ते प्रकरण तोंडपाठ. आणि सिनेमावाल्यांनी नेमका तोच प्रसंग वेल्ह्याकडच्या डोंगरात घेतला आणि त्यात टेम्पो भरभरून माणसं उभी केली. आमच्याकडे याचं अप्रूप नाही. शूटिंगं इथं कायमचीच; घरटी एक जण कधी ना कधी पडद्यावर कुणाच्या तरी वरातीत नाचलेला असतो, नाहीतर लढाईत मेलेला असतो. सिनेमा बघताना आम्ही नायकाकडे बघतच नाही. मागच्या गर्दीत आपला मामा शोधतो.

"भाड्याची तोंडं!" अध्यक्ष गरजले. "राणीच्या एकांतात रोजंदारीवरची मेंढरं घुसवली! या सिनेमाचं तिकीट जो काढील, त्याचा मंडळाशी संबंध संपला."

ठराव झाला. त्या भरात अध्यक्ष नकाशा विसरून गेले. दुपारी तो द्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तर ते झोपले होते. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"भावजी, रागावू नका," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळपास्नं ह्यांचं मेंढरं मेंढरं चाललंय. त्यातलं एक मेंढरू म्या हाय."

मी तिथंच बसलो. असा आनंद आयुष्यात वारंवार मिळत नाही.

वहिनी माहेरी वेल्ह्याला जत्रेला गेल्या होत्या. माणसं गोळा करणारा दारात आला आणि भावजय म्हणाली, चला वन्सं. "काळं लुगडं नेसवलं, तोंडाला राख फासली. म्हनले, डोंगराकडं बघा. बाकीच्या बाया लई हसत हुत्या. म्या खरंच बघत ऱ्हायले, तर क्यामेराच आणला की माझ्याम्होरं! म्हनला, मावशी, हलू नका."

"आणि हे यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? त्या राणीला सावली न्हाई म्हणून ह्यांच्या डोळ्याला पानी येतं. म्या तापानं पडले तर इचारत्यात, च्या कवा हुईल." मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "मला मोठ्या पडद्यावर बघायचंय, एकदाच. मोबाईलवर नको. आन् ह्यांच्या शेजारी बसून."

पुढच्या बैठकीत मी घसा साफ केला. "अध्यक्षसाहेब, सिनेमा न बघता निषेध म्हणजे जागेवर न जाता केलेली मोजणी."

घाव वर्मी बसला. आयुष्यभर या माणसानं जागेवर गेल्याशिवाय कागदावर रेघ ओढली नव्हती. त्यांनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली. "जावं लागेल," ते म्हणाले. "पाहणी म्हणून."

"आणि पंच म्हणून वहिनींना घ्या. कादंबरी न वाचलेलं त्रयस्थ माणूस हवं."

एसटीनं पुण्याला निघालो. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती, गजरा माळला होता.

"निषेधाला गजरा कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"असू द्या."

थिएटरात अध्यक्ष नकाशा मांडीवर पसरून, मोबाईलच्या उजेडात चुकांवर फुल्या मारू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बॅटरी बंद करा!" दुकानदार पऱ्यांचे उच्चार मोठ्यानं सुधारत होता. प्राध्यापकानं माझ्या कानाशी लागून विचारलं, यातली राणी कुठली. आणि यांच्यावर तालुक्यातली पुढची पिढी सोपवलेली!

मग ते खोरं आलं. धुकं, कातळ आणि माणसंच माणसं.

"बघा! बघा मेंढरं!" अध्यक्ष फुसफुसले आणि ओठातल्या ओठात मूळ प्रकरण म्हणू लागले, जणू आपल्या मंत्रानं गर्दी पळून जाईल. गर्दी पळाली नाही. कॅमेरा तिच्यावरून सरकत सरकत आला आणि थांबला.

पडदाभर वहिनी होत्या. राख फासलेला चेहरा, डोंगराला लागलेली नजर. मी टिंगलीसाठी तोंड उघडून तयार होतो, ते तसंच उघडं राहिलं.

शेजारी पाहिलं, तर वहिनी पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

अध्यक्षांची पोथी थांबली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नकाशा मांडीवरून घरंगळला. ते ताडकन उभे राहिले आणि भरल्या थिएटरात मोठ्यानं म्हणाले,

"अगं, पण तू पुस्तकात नाहीस!"